पेशींना रविवार कळत नाही

नमस्कार श्रोतेहो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना रविवार कळत नाही. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये त्या आपल्या वाढत असतात. ज्या द्रवात त्यांना ठेवतात त्यात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. ताजा द्रव गुलाबीसर लाल दिसतो, पेशींनी आम्ल सोडलं की तो पिवळा पडत जातो. पिवळा दिसला की समजायचं, द्रव बदलायला हवा, आज सुट्टी नाही.

अशाच एका रविवारी बशी मी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एक पेशी मधोमध आवळली जात होती, एकीच्या दोन होत होत्या. संशोधनाच्या पहिल्या वर्षी हेच बघता बघता माझी शेवटची बस चुकली होती. चालत घरी गेलो, पण काय खुशीत! आणि त्या रविवारी? मी घड्याळ पाहिलं.

त्यानंतर स्वतःशी कबूल करायला मला दीड वर्ष लागलं की माझं मन यातून उठलंय. भांडण कुणाशीच नव्हतं. कुतूहल आटलं म्हणावं तर तेही नाही. आजही कुणी नवा शोध सांगितला की मी कान टवकारतो. उबग आला तो त्याभोवतीच्या सगळ्याचा. अनुदानाचे अर्ज, दोन-दोन वर्षांचे करार, शोधनिबंध परत आला की पुन्हा नव्याने मांडणी. मला संध्याकाळी सहाला घरी असायचं होतं. मुलीच्या वहीला कव्हर घालायचं होतं. बस, एवढंच.

“इतकं शिकून घरी बसणार?” हा प्रश्न आलाच. मग मी आधार शोधायला लागलो. संशोधकाची खोडच ती, सुट्टी मागायची तरी संदर्भ लागतो! डार्विन सापडला. खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नेकल या जिवांवर त्याने आठ वर्षं घालवली, आणि १८५२ साली मित्राला लिहिलं की या प्राण्याचा माझ्याइतका तिटकारा आजवर कुणी केला नसेल, संथ जहाजावरच्या खलाशानेही नाही. वाचून काय बरं वाटलं म्हणून सांगू! भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलही सापडला. १८६५ मध्ये लंडनमधलं प्राध्यापकपद सोडून तो स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी राहायला गेला.

मोठ्या तोऱ्यात हे बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “दोघांकडे वडिलोपार्जित पैसा होता ना रे? आणि डार्विनच्या घरात कामं कोण करत होतं?”

मी गप्प. डार्विनने बार्नेकल सोडले नाहीत, काम पुरं केलं. मॅक्सवेलने नोकरी सोडली, विज्ञान नाही. विद्युतचुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ त्याने त्या घरीच बराचसा लिहिला. आणि डार्विनचं घर, दहा बाळंतपणं, त्याची सततची आजारपणं हे सारं सांभाळलं त्याच्या बायकोने, एमाने, नोकरचाकर हाताशी होते तरी. ज्याला मी साधं घरगुती आयुष्य म्हणत होतो, ते साधं दिसत होतं कारण मी ते चालवत नव्हतो.

“तुला घर हवंय, की घरात नुसतं बसायचंय?” तिने विचारलं. मग आम्ही कागद घेतला. तिच्या पगारात काय भागेल, माझी शिल्लक किती महिने पुरेल, सकाळचं कोण बघेल, दुखणंखुपणं कोण काढेल. अनुदानाच्या अर्जापेक्षा हा कागद अवघड गेला, खोटं कशाला सांगू. आणि तिचा पगार नसता तर हे भाषण मी करत नसतो, हेही सांगून टाकतो.

राजीनामा दिलाय. गेल्या आठवड्यात माझ्या पेशी गोठवायला घेतल्या. त्या हळूहळू गार कराव्या लागतात, मिनिटाला साधारण एक अंश. घाई केली तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. मग द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या. तिथे त्या वर्षानुवर्षं टिकतात. प्रत्येक कुपीवर मी पेशींचं नाव आणि तारीख लिहिली. शेवटच्या कुपीवर अक्षर जरा वाकडं आलं. पुसून पुन्हा लिहिलं, पुढच्याला वाचता यायला हवं.

नमस्कार.