खुरचाफ्याखाली

पहाटेचे साडेपाच. चर्चमधली पहिली मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, सुरू व्हायला अजून वेळ आहे. दफनभूमीच्या फाटकाशी उभं राहिलं की अंधारातून आधी येतो दयाळाचा आवाज. थंडीभर हा काळा-पांढरा पक्षी कुंपणाच्या कडेने मुकाट वावरतो. फाल्गुन लागला की त्याला कंठ फुटतो. मधल्या उंच क्रुसाच्या माथ्यावर बसून, शेपटी उभी करून तो गातो. दुसरा नर हद्दीत शिरला, तर त्याला हाकलून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो.

ही वसई, उत्तर कोकणातली. केळी, सोनचाफा आणि पानवेलींच्या वाड्या, त्यांच्यामध्ये जुनी चर्च. वाड्यांच्या जागी आता इमारती उठताहेत. दफनभूमीत मात्र कुणी पाया खणत नाही, म्हणून इथली झाडं म्हातारी होऊ शकतात. माझे आजी-आजोबा इथेच, भिंतीलगतच्या ओळीत आहेत. त्यांना फुलं वाहायला यायचो, तेव्हाच वर बघायची सवय लागली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात खुरचाफा फुलतो. पानं झडलेली, नुसत्या फांद्या आणि फुलं. फुलाला वास भरपूर, पण मध अजिबात नाही. रात्री पतंग त्या वासाला फसून येतात. शिंजीर पक्षी मात्र फसत नाही, तो सरळ पांगाऱ्यावर जातो. तिथे भोरड्यांचा कलकलाट चाललेला असतो. एप्रिलमध्ये हे गुलाबी पाहुणे मध्य आशियाकडे निघून जातील.

आता मागच्या आंब्याकडे पाहा. कॅमेरा आम्ही मुद्दाम लांब ठेवला आहे. खोडावर, दोन माणसं उंचीवर, एक उभी चीर दिसते. त्या चिरेमागे राखी धनेशाची मादी आहे. ढोलीचं तोंड तिने आतून स्वतःच्या विष्ठेने लिंपून घेतलं आहे, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवून. आत ती अंडी घालते आणि तिची उडायची पिसं गळून पडतात. कित्येक आठवडे ती पूर्णपणे नराच्या भरवशावर जगते.

नर आला. आधी समोरच्या फांदीवर बसून तो चहूकडे बघतो. घशात साठवलेली वडाची फळं एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. पुन्हा एक, पुन्हा एक. मग घारीसारखी किंचाळी मारून उडून जातो. त्याला काही झालं, तर आतल्या जिवांची उपासमार होईल. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे, तरी तो यायला उशीर झाला की जीव खालीवर होतो.

धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही, ती तयारच लागते. म्हणजे झाड जुनं हवं, कुठेतरी कुजलेलं, पोखरलेलं हवं. काही वर्षांपूर्वी याच आवारातला असा एक पोकळ वृक्ष 'धोकादायक' म्हणून तोडला गेला. ज्या फांदीचा धोका होता, तेवढीच छाटता आली असती. ते खोड पडलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

भिंतीपलीकडे बावखल आहे. वसईच्या वाड्यांमधली ही गोड्या पाण्याची तळी विहिरींना पाणी पुरवतात. कितीतरी बुजवली गेली, हे राहिलं. काठावरचा वंचक बगळा हिवाळ्यात चिखलात चिखल होऊन बसायचा. आता त्याच्या पाठीवर गडद तांबूस पिसं फुटू लागली आहेत.

दुपारी तांबटाचं टुक्‌-टुक्‌, कबरींमधून धावत जाणारं एखादं मुंगूस, पाचोळ्यात भांडणारे सातभाई. बाकी सगळं उन्हात निपचित.

संध्याकाळी ताडांभोवती ताडपाकोळ्या गिरक्या घेतात. त्यांचं घरटं लाळेने ताडाच्या पानालाच चिकटवलेलं असतं. अंधार पडला की त्यांची जागा वटवाघळं घेतात आणि केळफुलांकडे जातात. ताडीच्या मडक्याकडे चढणारं उदमांजरही अशाच वेळी दिसतं.

वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा १७३९च्या विजयानंतर मराठ्यांनी देशावर नेल्या. आमची घंटा इथेच आहे, आणि तिच्या वरच्या कोनाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी राहते. मनोऱ्याची डागडुजी निघाली, तेव्हा तो कोनाडा बुजवू नका, अशी विनंती आम्ही फादरांना केली. त्यांनी ती ऐकली.

संध्याकाळची घंटा वाजते. पांढरं घुबड आवाज न करता बाहेर पडतं आणि कबरींवरून उंदरांच्या शोधात निघतं. राखणदार मामा फाटकाला कडी घालतात, मग हात तसाच ठेवून थांबतात.

"ऐका," ते म्हणतात.

खाडीकडच्या तिवरांतून एक कोल्हा ओरडला. मग दुसरा. मग मागून बारीक, अजून नीट न जमलेले आवाज.

"यंदा पिल्लं आहेत."