१२ बाय १६ इंच

नमस्कार मंडळी. आज मी तुमच्याशी टीशर्टबद्दल बोलणार आहे, म्हणजे टीशर्टच्या छातीवर जे चित्र असतं नं त्याबद्दल, आणि ते चित्र काढून ऑनलाइन डिझाईन कॉन्टेस्टला पाठवणाऱ्या आपल्या नागपूरच्या पोरापोरींबद्दल. मला ही मुलं सारखी भेटतात, कोणी चित्रकला महाविद्यालयात शिकतंय, कोणी हिंगण्याच्या एमआयडीसीत ड्युटी करून रात्री अकराला लॅपटॉप उघडतंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई एवढं चांगलं काढलं होतं तरी मतं का नाही पडली? मी दिवसा इतवारीत एका छपाईच्या कारखान्यात फाइली तयार करते आणि रात्री स्वतः कॉन्टेस्टसाठी काढते, नऊ वर्षं झाली, तेव्हा दोन्हीकडून जे दिसलं ते सांगते.

आधी हे सुरू कसं झालं ते थोडक्यात. २००० साली अमेरिकेत जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोघा तरुणांनी थ्रेडलेस नावाचं काम सुरू केलं, शिकागोचं. पद्धत साधी होती, कोणीही डिझाईन पाठवायचं, लोकांनी त्याला मार्क द्यायचे, आणि ज्याला पसंती मिळेल ते छापायचं. म्हणजे काय छापायचं ते दुकानदाराने नाही, घालणाऱ्याने ठरवायचं. ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते, कारण जिची कुठल्या एजन्सीत ओळख नाही अशी महाल भागातली एखादी पोरगीसुद्धा तिथे त्याच रांगेत उभी राहते. पुढे असे कितीतरी कॉन्टेस्ट निघाले, कुठे लोक मत देतात, कुठे परीक्षक असतात, कुठे दोन्ही.

आता मत देणारा माणूस डोळ्यासमोर आणा. तो बसमध्ये उभा आहे, एका हाताने दांडा धरलाय, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर अंगठ्याने डिझाईनं वर सरकवतोय. तुमचं चित्र तुम्ही १२ बाय १६ इंचात काढलंय, ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, एकूण ३६०० बाय ४८०० पिक्सेल, आणि त्याला ते दिसतंय एका पोस्टाच्या तिकिटाएवढं, तेही क्षणभर. तुम्ही पाठीमागच्या झाडाच्या पानावर जी शीर काढली नं, रात्री दोनपर्यंत जागून, ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि समजा जिंकलात, छापून आलं, तर पुढचा बघणारा तुमच्यापासून दहा-पंधरा फुटांवर असतो, सिग्नलला, चहाच्या टपरीवर. म्हणजे दोन्ही वेळा चित्र लहानच दिसतं.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. सुरुवातीला मी साइटवर जे जिंकायचं तसंच काढत होते, घुबड, कवटी, अंतराळवीर, सगळ्यात भरपूर बारीक रेषा आणि आठ-आठ रंग. मार्क नेहमी मध्येच कुठेतरी अडकलेले. मग एका वर्षी तान्ह्या पोळ्याला मी इतवारीत मारबत बघायला उभी होते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी मारबत आणि पिवळी मारबत निघतात, बांबू, कागद, कापडाच्या मोठ्ठ्या बायका, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि गर्दी ओरडत असते, इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत. सव्वाशेच्या वर वर्षं झाली या गोष्टीला. पाऊस येऊन गेलेला, माझ्यासमोर निव्वळ छत्र्या आणि खांद्यावर बसलेली पोरं, मला मिरवणूक दिसतच नव्हती. आणि एकदम गल्लीच्या तोंडाशी त्या सगळ्यांच्या डोक्यावरून पिवळी आली. इतक्या लांबून मला तिचे डोळे दिसले. एक सलग पिवळं अंग, काळ्या जाड रेषेचे डोळे, बस. तेवढ्यात ती कोण, रागात आहे की शांत, सगळं कळलं. जी मूर्ती गर्दीच्या डोक्यावरून दिसायलाच बनवली तिच्यात बारीकसारीक काही ठेवत नाहीत हो, बनवणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि बडग्या म्हणजे तर दर वर्षी नवीन विषय, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, एक आकृती आणि एक मुद्दा.

घरी येऊन मी त्याच रात्री दोन रंगांत मारबत काढली. नुसते डोळे, कपाळ आणि उघडे हात. काढून झाल्यावर डोळे अर्धे मिटून बघितलं, आरशातून उलटं बघितलं, मग फोनवर घेऊन आईला खोलीच्या त्या टोकाला उभं केलं आणि विचारलं काय दिसतंय. ती म्हणाली मारबत, अजून काय. तेव्हापासून कुठलंही डिझाईन पाठवण्याआधी मी हे करतेच करते.

रंगांचं गणित पण समजून घ्या, कारण कॉन्टेस्टच्या नियमांत जेव्हा लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त इतके रंग, तेव्हा पोरं वैतागतात, त्यांना वाटतं उगाच बांधून ठेवलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एका रंगाला एक फ्रेम लागते. प्रत्येक रंगाचा वेगळा पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळ्यात चित्र, काढायचा, फ्रेमच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, लावून अंधारात वाळवायचं, वरून पॉझिटिव्ह ठेवून लाइट द्यायचा, मग पाण्याने धुवायचं, जिथे काळं होतं तिथलं इमल्शन कच्चं राहतं आणि वाहून जातं, तेवढ्याच भागातून शाई खाली उतरते. सहा रंग म्हणजे हे सगळं सहा वेळा, आणि सहाही रंग कापडावर एकमेकांच्या बरोब्बर शेजारी बसले पाहिजेत, जरासा एक हलला की डोळ्याशेजारी पांढरी फट दिसते. काळ्या टीशर्टवर तर आधी पांढरा बेस मारावा लागतो, नाहीतर पिवळा रंग कापडात बुडून शेवाळासारखा दिसतो. आमच्याकडचे जुने कारागीर काका मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, बाई, कापडाचा रंग फुकट आहे, तो आधी वापर. यापेक्षा कामाचं वाक्य मला कुठल्याच ट्युटोरियलमध्ये सापडलं नाही. काळ्या टीशर्टवर काळी मारबत काढायची तर काळा छापायचाच कशाला? डोळे छापा, दात छापा, बाकीची बाई कापडातच आहे.

हल्ली डीटीजी म्हणजे प्रिंटरने थेट कापडावर छापणं, आणि डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून कापडावर दाबून बसवणं, हे आलं, त्यात कितीही रंग चालतात, एकेक पीससुद्धा निघतो, आणि कितीतरी साइट आता तसंच छापतात. चांगलंच आहे ते. पण चालतात म्हणून रंग वाढवू नका, बसमधला तो माणूस बदललेला नाही.

आता मराठी अक्षरांबद्दल बोलायचंच आहे, माझा जीव आहे त्यात. आपली पोरं टीशर्टवर इंग्रजीच लिहितात, आणि देवनागरी लिहिलीच तर फोनमध्ये जो फॉन्ट असेल तो टाकून देतात. कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरं काढली ती जरा शोधून बघा, शब्दाचा स्वभाव अक्षरात कसा उतरतो ते कळेल. स्वतः काढता येत नसेल तर मुक्ता, बालू असे ‘एक टाइप’ नावाच्या मंडळींचे फॉन्ट मोफत आहेत, लायसन्सही खुलं आहे, जाड अक्षरांचे प्रकारसुद्धा आहेत त्यात. फक्त छपाई लक्षात ठेवा. मी एकदा नारंगी टीशर्टसाठी मोठ्या हौसेने संत्रा हा शब्द काढला, वळणदार, नाजूक, खाली एक सालीची वेटोळी. फाइल गेली, फ्रेम बनली, चाळीस पीस छापून दोरीवर वाळायला टांगले आणि मी येऊन बघते तं सगळीकडे सत्रा, सत्रा, सत्रा. अनुस्वारच गेलेला. मी टिंब इतकं बारीक ठेवलं होतं की लाइट देताना ते कडेने खाल्लं गेलं, तिथलं इमल्शन धुताना उघडलंच नाही, आणि गडबडीत कोणी वाचून बघितलं नाही. चूक माझ्या फाइलची होती. तेव्हापासून माझ्या अनुस्वाराची जाडी अक्षराच्या उभ्या दांड्याएवढी तरी असतेच, शिरोरेषा त्याहून बारीक जात नाही, आणि ‘ष’सारख्या अक्षरातली पोकळी मी मुद्दाम मोठी ठेवते कारण शाई पसरली की तीच आधी बुजते.

अजून एक, हे खास आपल्या विदर्भासाठी. मे महिन्यात इथे पारा ४५-४६ ला जातो. छातीभर सलग रबर प्रिंट असलेला टीशर्ट घालून दुपारी दोनला बर्डीवर फिरून बघा, तो भाग अंगाला चिकटतो, हवा लागतच नाही. स्क्रीनवर भरगच्च डिझाईन छान दिसतं हो, पण ते अंगावर घालायचंय. म्हणून चित्रात मोकळ्या जागा सोडा, भरीव भाग रेषांनी नाहीतर टिपक्यांनी फोडा, म्हणजे कापड श्वास घेतं आणि चित्रही हलकं होतं. कॉलरपासून साधारण चार बोटं खाली चित्र सुरू करा, आणि फार खाली पोटावर नेऊ नका, खुर्चीत बसलं की तिथे घडी पडते आणि चेहरा काढला असेल तर तो चुरगळतो.

विषय कुठून आणायचे असं विचारतात मुलं. सिनेमातला हिरो, कॉमिकमधलं पात्र, क्रिकेटरचा फोटो हे काढून पाठवू नका, ते हक्क दुसऱ्याचे असतात आणि बहुतेक ठिकाणी अशी एन्ट्री बादच होते. आणि गरज काय? झिरो माइलचे चार घोडे आहेत, तर्रीपोह्याच्या प्लेटमध्ये तरंगणारं लाल तेल आहे, तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी नंदी आहे, फुटाळ्यावर संध्याकाळी भाजलेलं कणीस आहे. शिकागोत किंवा बर्लिनमध्ये मत देणाऱ्याने लाकडी नंदी पाहिलेला नसतो, म्हणून तर त्याचा अंगठा थांबतो. घुबडं त्याने शंभर पाहिलीत.

आणि आता जरा कान देऊन ऐका, हे कंटाळवाणं आहे पण यात माझं नुकसान झालंय. सबमिट दाबण्याआधी अटी वाचा, सगळ्या. फक्त जिंकलेल्या चित्राचे हक्क त्यांच्याकडे जातात की पाठवलेल्या सगळ्याच चित्रांचे, हे बघा. मी एका कॉन्टेस्टला तीन डिझाईनं पाठवली, एकही जिंकलं नाही, आणि आठ महिन्यांनी त्यातलंच एक त्यांच्या जाहिरातीत दिसलं. मी चिडून अटी काढल्या तर अकराव्या मुद्द्यात लिहिलेलंच होतं, प्रत्येक एन्ट्री आमची. मला ते आजही पटत नाही. हजार लोकांना फुकट राबवून एकाला बक्षीस द्यायचं आणि उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणांची चित्रंही ठेवून घ्यायची, हा अन्याय आहे, आणि अशा ठिकाणी आपण जायचंच नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. पण साइटवाले कायमचे आणि जगभर असं स्पष्ट लिहून ठेवतात, आणि बाहेरच्या साइट बरेचदा आपापल्या देशाचा कायदा लावतात, म्हणून वाचायचं. एन्ट्री फी मागत असतील तर मी तिथूनच परत फिरते. जिथे न जिंकलेलं चित्र आपलंच राहतं तिथे बिनधास्त पाठवा, हरलं तर ते दुसऱ्या कॉन्टेस्टला पाठवा, नाहीतर स्वतः वीस पीस छापा.

माझ्या मारबतीचं तसंच झालं. कॉन्टेस्टमध्ये मार्क आजवरचे सगळ्यात जास्त पडले, पण छापायला निवडली गेली नाही. चित्र माझंच होतं, मग मी काकांकडून साठ पीस काढून घेतले, काळे, पिवळा आणि पांढरा असे दोनच रंग, आणि ओळखीपाळखीत विकले. मागच्या महिन्यात गांधीबागेत कापड बघायला गेले होते तर एका दुकानात गठ्ठे उचलणाऱ्या पोराच्या अंगावर तो दिसला. रस्त्याच्या पलीकडून आधी डोळेच दिसले. मी जाऊन त्याला विचारलं, भाऊ, किती वेळा धुतला रे हा? तो म्हणाला, दर रविवारी धुतो नं ताई, काऊन? मी त्याला जरा उजेडाकडे वळायला सांगितलं. डोळे छान टिकले होते, पिवळा फिका झाला नव्हता, पण कपाळाच्या सलग पट्ट्यावर बारीक तडे गेले होते, तिथे बेस जाड बसला होता. या पोळ्याला जी नवीन फ्रेम बनवतेय, त्यात ते कपाळ मी उभ्या रेषांनी फोडलंय.