ठणठणपाळाचा हातोडा आणि आपलं मंडळ

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि त्यातली तीन माझी ओळख करून देण्यात त्यांनीच संपवली. एवढी थोर बाई कोण, म्हणून मीही कान देऊन ऐकत होते.

विषय आहे ‘माझं आवडतं पुस्तक’. खरं तर काहीतरी भारदस्त घेऊन येणार होते, म्हणजे तुम्ही माना डोलावल्या असत्या आणि जेवायला मोकळे झाला असता. पण इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमानंतर गाडीत माझी मुलगी जे बोलली ते डोक्यातून जाईना. उरलेल्या मसालेभाताचा ट्रे मांडीवर घेऊन ती मागे बसली होती. म्हणाली, "आई, तुम्ही लोक एकमेकांना थँक्यू म्हणायलाच जमता का?"

मी म्हटलं, असं काय गं, लेझीम झालं, नाटुकलं झालं. तर म्हणते, "हो, मग लेझीमवाल्यांना थँक्यू, साउंडवाल्या काकांना थँक्यू, मोदकवाल्या काकूंना थँक्यू. आणि सगळ्यांना थँक्यू म्हटल्याबद्दल तुला थँक्यू." आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं, हे तुम्हाला आठवत असेलच. लांबलं होतं. नवऱ्याने गाडीतलं गाणं मोठं केलं. घरात वाद व्हायची चिन्हं दिसली की त्यांना संगीत आठवतं.

त्या रात्री कपाटातून ‘निवडक ठणठणपाळ’ काढलं. वडिलांची प्रत. वर तपकिरी कागदाचं कव्हर, आत खुणेला बेस्टचं तिकीट. प्रकाशक केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे साहित्यिक मासिक सुरू केलं आणि त्यात साहित्यिकांची टिंगल करणारं ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर आलं, ‘ठणठणपाळ’ या नावाने. पुढे साधारण वीस वर्षं ते चाललं. आमच्याकडे अंक आला की वडील संपादकीय सोडून आधी ते पान उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पुन्हा कोणाची तरी काढली वाटतं."

सुरुवातीला या टोपणनावामागे कोण आहे, याचे लोक तर्क लढवत. निघाले जयवंत दळवी. कोकणातल्या आरवलीचे, आणि नोकरी मुंबईत अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात, युसिसमध्ये. म्हणजे अमेरिकेचा पगार आपल्याआधी त्यांनी खाल्ला, तोही व्हिसाची कटकट न करता. सदराचं चित्र व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचं. तेही दिवसा सिमेंट कंपनीत इंजिनियर. त्यांचा तो गोल गरगरीत, हातोडावाला ठणठणपाळ ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलेलं मला इथून दिसतंय.

महिन्याच्या महिन्याला वाचलेला विनोद विसरायला होतो. पुस्तकात एकत्र आला की त्याची गंमत वेगळी. एका लेखात सहज टपली खाऊन गेलेला लेखक चार लेखांनंतर दुसऱ्याच निमित्ताने परत येतो, आणि आपण आधीच हसायला लागतो, कारण आता तो आपल्या ओळखीचा झालेला असतो. संमेलनाचं अध्यक्षपद, पुरस्कार, प्रकाशन समारंभ, एकमेकांच्या पुस्तकांवरची परीक्षणं, सगळ्यांवर हातोडा. त्यातली निम्मी नावं मला आज ओळखू येत नाहीत. त्यांची पुस्तकं शोधायला गेलात तर मिळायची नाहीत. ठणठणपाळाने केलेली त्यांची टिंगल मात्र मिळते, आणि तेवढ्यावर माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. बसण्याची ऐट, रुसण्याची पद्धत, सगळं. साठ वर्षांपूर्वीच्या मुंबई-पुण्यातले हे रुसवेफुगवे वाचताना मला सारखे इथलेच चेहरे का दिसत होते, ते मी सांगणार नाही. मला याच हॉलमध्ये जेवायचंय.

एक सूचना: हे पुस्तक सलग वाचू नका. रात्री दोन लेख, फार तर तीन. पुढे तोच तो ठोका ऐकू यायला लागतो. काही लेख तर आता साफ विझलेत. त्या महिन्यात काय घडलं होतं हेच आपल्याला ठाऊक नसतं, आणि काही महिने दळव्यांनीही नुसतं पान भरलेलं असणार. तरी मी ते लेख गाळत नाही. कोणत्या भांडणाचा हा धूर, याचा अंदाज बांधायलाही मजा येते.

वडील सांगायचे, ठणठणपाळाने आपल्याला मारलं म्हणून जेवढे साहित्यिक चिडत, त्याहून जास्त आपलं नावच नाही म्हणून खट्टू होत. मला हे फार आवडतं. आपल्याकडे काय होतं? मागच्या नाटकानंतर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एवढंच लिहिलं की मध्यंतर उत्तम रंगलं. बटाटेवडे खरंच चांगले होते हो! पण आठवडाभर धुमश्चक्री, दोन राजीनामे, ते मागे घ्यावेत म्हणून विनवण्या. शेवटी ग्रुपच्या नियमांत भर पडली: विनोद टाळावेत, शुभेच्छा चालतील. आता रोज सकाळी सूर्योदय आणि गुलाब येतात. हातोडा मारायची सोयच उरली नाही.

गंमत अशी, की दळवी आपल्याला परके नाहीत. त्यांचं ‘संध्याछाया’ नाटक इथे कितीदा झालं! परदेशातला मुलगा, वाट बघणारे नाना-नानी. आपण दरवेळी हुंदके देतो आणि पार्किंगमध्येच घरी फोन लावतो. तिकडे पहाटे पाचला त्यांची झोपमोड. रडवणारे दळवी आपण सामानात बरोबर आणले. आपल्या टोपीला हात घालणारे दळवी तिकडेच राहिले. वजन जास्त झालं असेल.

आता मुलीकडे येते. तिला चेष्टा करता येत नाही असं मुळीच नाही. जिमच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये आपली पोरं जमतात ना, तिथे एकदा मी पाण्याची बाटली शोधायला गेले. आत माझी नक्कल चालली होती. "दोनच शब्द बोलते," असं मराठीत, मग इंग्रजीत धावतं समालोचन, मग पुन्हा "जाता जाता एकच." पदर सावरणंसुद्धा होतं. पोरं भिंतीला टेकून हसत होती. नक्कल चोख होती. मी बाटली न घेताच परत आले.

तेव्हापासून माझ्या मनात एक घोळतंय. ठणठणपाळ त्याच पंगतीत बसलेला होता. दळव्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली, त्यांच्यावरही टीकाकार तुटून पडतच होते. म्हणून त्यांचा टोला घरातला वाटायचा. ही पोरं हसतात ती आपल्यातली म्हणून हसतात, की निघता निघता हसतात? मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक तिने मला बरं वाटेल असं काहीतरी सांगितलं असतं, आणि तेच तर मला नको होतं.

एक काम मात्र केलं. आपल्या स्मरणिकेत टोपणनावाने असं एक सदर असावं, अशी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवली. एकमताने मंजूर झाली. अटी दोनच: कोणाचं नाव घ्यायचं नाही, आणि छापण्याआधी मजकूर संबंधितांना दाखवायचा. मी मुलीला म्हटलं, तू लिही, शुद्धलेखन मी बघून देते. ती म्हणाली, "तू बघणार असशील तर मग लिहू काय?"

सदराला अजून लेखक मिळालेला नाही. कोणाला इच्छा असेल तर लेख थेट संपादकांकडे पाठवा. माझ्याकडे नको.