वस्तू मोडते ती ठरलेल्या जागी

नमस्कार. संयोजकांनी विषय दिला, 'घरातल्या वस्तूंची घरीच दुरुस्ती', आणि वर सुचवलं की कोणती हत्यारं घ्यावीत ते नक्की सांगा. सांगतो, पण शेवटाकडे आणि थोडक्यात. हत्यार नव्हतं म्हणून दुरुस्ती फसली असं क्वचित होतं. आपण वस्तू जोडायला घेतो आणि ती का मोडली हे बघायचं राहून जातं. खुर्चीचा पाय हलला की खिळा, कपाचा कान निघाला की सुपरग्लू, वायर उघडी पडली की टेप. थोड्या दिवसांनी तीच वस्तू त्याच जागी पुन्हा जाते आणि आपण म्हणतो, हल्ली मालच चांगला येत नाही. माल वाईट असतोही, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी दोष त्याचा नसतो.

वस्तू कुठेही मोडत नाही. जिथे वाकते, जिथे घासते, जिथे तापते, जिथे पाणी साचतं, किंवा जिथे दोन वेगळे पदार्थ एकमेकांना भेटतात तिथे मोडते. स्क्रू काढण्याआधी एवढा विचार केला तरी निम्मं काम होतं.

इस्त्रीची वायर घ्या. ती मधेच सहसा तुटत नाही. प्लगपाशी तुटते किंवा इस्त्रीत शिरते तिथे, कारण रोज वाकते ती तिथेच. आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात आणि वरचं आवरण धडधाकट दिसत राहतं. उरलेल्या दोन-चार तारांतून सगळा प्रवाह जायला लागला की ती जागा गरम होते. वायर एकाच ठिकाणी हाताला ऊन लागली की समजा, आत काय चाललंय. यावर टेप गुंडाळणं म्हणजे दुखणं झाकणं. खराब भाग चार बोटं जास्तीचा धरून कापून टाका आणि प्लग नव्याने बसवा. प्लगच्या आत दोन स्क्रूंची एक पट्टी असते, वायरचं बाहेरचं आवरण दाबून धरणारी. घाईत ती हमखास बाजूला राहते. कोणी वायर ओढली तर तो ताण आतल्या जोडांवर येऊ नये, म्हणून ती आहे. ती न लावता केलेलं काम अर्धवटच.

वायर ठीक आहे आणि इस्त्री तरीही थंड, असं असेल तर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारं छोटं यंत्र, काढा. इस्त्रीचा प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे, हे सांगायला नको, तरी सांगतो. प्रवाहाला होणारा विरोध ओहममध्ये मोजायचा. गणित सोपं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. 230 व्होल्टवर चालणारी 1000 वॅटची इस्त्री असेल तर साधारण 53 ओहम आले पाहिजेत. 2000 वॅटचा हीटर असेल तर सुमारे 26. थर्मोस्टॅट, म्हणजे इस्त्री पुरेशी तापली की वीज तोडणारा भाग, चालू स्थितीत ठेवून प्लगच्या दोन पिनांवर मोजा. आकडा जवळपास आला तर आतली वाट शाबूत आहे. काहीच आलं नाही तर वाट कुठेतरी तुटलीये, आणि मग एकेक टप्पा मोजत जायचं: वायर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, शेवटी एलिमेंट, म्हणजे प्रत्यक्ष तापणारा भाग.

या थर्मल फ्यूजपाशी जरा थांबतो. पेन्सिलीच्या तुकड्याएवढा असतो, दोन टोकांना तारा. ठरावीक तापमानाच्या वर गेला की कायमचा तुटतो, पुन्हा जुळत नाही. बरेच जण काय करतात? तो काढून तिथे नुसती तार जोडतात. इस्त्री चालू होते, घरचे कौतुक करतात. पण फ्यूज तुटला म्हणजे आत काहीतरी प्रमाणाबाहेर तापलं होतं. बहुतेकदा थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटून बसलेले असतात, वीज तुटतच नाही. म्हणजे दोष थर्मोस्टॅटचा होता आणि आपण काढला पहारेकरी. आता मध्ये अडवणारं कोणी नाही, आणि याचा शेवट आगीत होऊ शकतो. फ्यूज बदलायचाच, त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा. जोडताना डाख देऊ नका. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच नवा फ्यूज बसण्याआधी तुटतो. दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या मिळतात, त्या वापरा. आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय इस्त्रीचं झाकण परत लावू नका.

मिक्सर अचानक मेला तर आधी उलटा करून तळ बघा. तिथे एक लहानसं बटण असतं, बहुधा लाल. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि मोटार बंद पडते. थोडं थांबायचं, मोटार निवू द्यायची, बटण आत दाबायचं. माझा अंदाज आहे की दुरुस्तीला जाणाऱ्या मिक्सरांपैकी काही नुसत्या या बटणावर बरे होऊन परत येतात.

त्याच मिक्सरचं कपलर, म्हणजे भांड्याची आणि मोटारीची गाठ घालून देणारा तो दातेरी तुकडा, मुद्दामच मऊ केलेला असतो. काही अडकलं तर तो जावा आणि मोटार वाचावी, अशी ती योजना. तेव्हा कपलर एकदा गेला तर बदला आणि विसरा. वारंवार जात असेल तर भांड्याचं पातं हाताने फिरवून बघा. ते जड फिरत असेल तर दोष भांड्यात आहे, कपलर बिचारा आपलं काम करतोय. कपलर काढताना एक लक्षात असू द्या: अनेक मिक्सरांत इथे उलटे आटे असतात. मोटार फिरताना सैल होण्याऐवजी घट्ट व्हावं म्हणून तसं केलेलं असतं. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर आटे कापले जातील.

छताचा पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, ही तक्रार बहुतेकांनी ऐकली असेल. मेन स्विच बंद करून पातं हाताने फिरवा. सहज फिरलं आणि सुरू केल्यावर ढकललं की चालतो, तर कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला सुरुवात करून देणारा भाग, गेलाय. जड फिरलं तर बेअरिंग. महिनोन्महिने पंखा हळूहळू मंदावत गेला असेल तरी संशय कपॅसिटरवरच, कारण तो एकदम मरतो असं नाही, त्याची क्षमता घटत जाते. त्याच्यावर आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 2.5 मायक्रोफॅरड. नवा तेवढाच घ्या. मोठा घातला की पंखा जास्त वारा देतो, हा समज सोडून द्या. मोटारीचं वेटोळं तापतं.

नळाचं फार सांगत नाही. तोटीतून ठिबकतो तेव्हा वॉशर, दांड्यापाशी ओलावतो तेव्हा वरच्या नटाखालचं पॅकिंग. त्यासाठी आधी नट पाव आटा आवळून बघा. नवा वॉशर घालूनही ठिबकत असेल तर आतली बैठक, म्हणजे वॉशर टेकतो ती जागा, खडबडीत झालीये, वॉशर कितीही बदला. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळांत वॉशर नसतोच, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यात वाळूचा कण गेला की गळती, आणि मग आतला सबंध भाग बदलायचा. आणि काम सुरू करण्याआधी खालच्या जाळीवर फडकं टाका. स्क्रू पडला तर तो तिथेच पडतो.

आता चिकटवण्याकडे येतो. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे जरा जास्त वेळ घेईन.

सुपरग्लू कसा सापडला ते मजेशीर आहे. 1942 मध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ ज्याला त्याला चिकटायला लागला, म्हणून निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवला. 1951 मध्ये पुन्हा त्याच्याकडे लक्ष गेलं आणि 1958 मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. तो वाळून घट्ट होत नाही. पृष्ठभागावर हवेतल्या ओलाव्याचा जो अदृश्य पापुद्रा असतो, त्याने तो घट्ट होतो. म्हणूनच बोटं क्षणात चिकटतात आणि मोठा थेंब टाकला तर आत तसाच ओला राहतो. जास्त गोंद म्हणजे जास्त घट्ट, हे इथे उलटं आहे. पातळ थर, दोन्ही बाजू अगदी तंतोतंत जुळलेल्या, आणि अर्धा मिनिट दाबून धरलेलं. सरळ ओढ तो चांगली सोसतो. पण कडेने उचकटलं, आपटलं किंवा गरम पाणी लागलं की सुटतो. कपाचा कान तर वजन, हिसका आणि उष्णता तिन्ही सोसतो, मग तो टिकेल कसा? तुटलेल्या कपात पेनं ठेवा. गरम पेय ओतायला तो पुन्हा वापरू नका, मग गोंद कोणताही असो.

फट असेल, धातू आणि चिनी माती असे दोन स्वभाव जोडायचे असतील, तर दोन नळ्यांचा इपॉक्सी. एका नळीत रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. पाकिटावर दिलंय त्याच प्रमाणात मिसळायचं. हार्डनर जास्त घातला की लवकर सेट होतं, असं लोकांना वाटतं. होत नाही. दोन्हींची एकमेकांशी रासायनिक क्रिया होते आणि त्यात जे उरतं ते तसंच राहतं, जोड कायमचा मऊ पडतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा आणि रात्रभर घेणारा, अशा दोन जाती मिळतात. सवड असेल तर दुसरी घ्या, तीच बहुधा जास्त बळकट. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा आणि पुसल्यावर बोट लावू नका. बोटाचं तेल गोंदाचा शत्रू.

आणि बादली? बादली, डबे, झाकणं बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 असा आकडा दिसेल. यांना साधे गोंद चिकटत नाहीत, कारण गोंद त्यांच्यावर पसरतच नाही, थेंबासारखा गोळा होऊन बसतो. पैसे गोंदावर घालवू नका. तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडा. तड्याच्या टोकदार शेवटाशी सगळा ताण एकवटतो, म्हणून तडा पुढे जातो. गोल भोकाने तो ताण विखुरतो आणि तडा तिथे थबकतो. विमानाच्या पत्र्यालाही हेच करतात. मग दोन्ही बाजूंना भोकं पाडून तारेने टाके घाला, किंवा सोल्डरिंग आयर्नने त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवून भरा. खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीत घ्यायचा नाही. पीव्हीसीच्या पाइपाचं वेगळं. त्याचं सॉल्व्हंट सिमेंट चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं. म्हणून तो जोड परत सुटत नाही, लावण्याआधी माप दोनदा बघा.

लाकूड. खुर्ची डुगडुगते ती जोडांमुळे. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं आणि आकसतं, पण आडव्या अंगाने बरंच आणि उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. जोडात एकाचं उभं अंग दुसऱ्याच्या आडव्या अंगाला भिडलेलं, त्यामुळे वर्षानुवर्षं ओढाताण चालू राहते. त्यात कोणी मागे रेलून दोन पायांवर झुलत असेल तर बघायलाच नको. खिळा ठोकला तर त्या दिवसापुरतं भागतं, पण लाकूड चिरतं आणि पुढे नीट दुरुस्ती करणाऱ्याची वाट बंद होते. जोड पूर्ण उकलून घ्या. जुना गोंद खरवडून स्वच्छ लाकूड दिसू द्या, कारण पांढरा गोंद जुन्या वाळलेल्या गोंदाला धरत नाही. नवा लावा, चारी पायांभोवती दोरी गुंडाळून तीत काठी घाला आणि पिळा. शिकंजा नसला तरी चालतं. दिवसभर तशीच राहू द्या. बिजागरीचा स्क्रू भोकात गरागरा फिरत असेल तर गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या पांढऱ्या गोंदात बुडवून त्या भोकात भरा, वाळू द्या, मग स्क्रू घाला.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे, आणि ती एकट्यादुकट्याची नाही. 2009 मध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. लोकांनी मोडक्या वस्तू आणायच्या, जाणकारांसोबत बसून स्वतः दुरुस्त करायच्या. ती कल्पना पुढे कितीतरी देशांत गेली. फ्रान्समध्ये 2021 पासून ठरावीक वस्तूंवर 'ही कितपत दुरुस्त होऊ शकते' याचे 10 पैकी गुण छापावे लागतात. त्याच वर्षापासून युरोपीय संघाच्या नियमाने वॉशिंग मशीनसारख्या यंत्रांचे सुटे भाग किमान 10 वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. आपण विकत घेतानाच विचारू शकतो: हे स्क्रूने उघडतं की चिकटवून बंद केलंय? विक्रेता गडबडला तर उत्तर मिळालं असं समजा.

हत्यारं. चपटा आणि स्टार असे दोन-दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, फिरता पान्हा, साधा मल्टिमीटर, पॉलिश पेपर, चांगली टॉर्च. आणि फोनचा कॅमेरा. खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर टेपने चिकटवा. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग खिशात घालून न्या, वर्णन करून आणू नका.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. मायक्रोवेव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा साठा राहू शकतो, तिथे साधारण दोन हजार व्होल्टचा कारभार असतो. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची, टोचायची, वाकवायची नाही. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे नवेच घालायचे, व्हॉल्व्हच्या जागी काहीही ठोकून बसवायचं नाही. गॅसच्या नळीबद्दल आणि शेगडीबद्दल मी आज प्रश्नही घेणार नाही, त्यासाठी एजन्सीचा माणूस बोलवा. बाकी कशावरही विचारा.