मोठी देणगी कुठून येते?

(दृश्य : कांस्याचा पुतळा. कॅमेरा पायथ्यापासून सावकाश वर.)

ऐरणीवर एक कामगार बसलाय. उघडं, पिळदार अंग. मांडीवर पुस्तक. हातातलं काम थांबवून तो वाचण्यात गढून गेलाय.

आजच्या पिट्सबर्ग शहरातलं हे स्मारक १९०४ सालचं. जेम्स अँडरसन नावाच्या गृहस्थांच्या आठवणीसाठी उभारलेलं. त्यांचं कर्तृत्व सांगायला एक वाक्य पुरतं. घरी सुमारे चारशे पुस्तकं होती, आणि दर शनिवारी ती कामकरी पोरांसाठी खुली असायची.

त्या पोरांमध्ये स्कॉटलंडहून आलेल्या एका गरीब विणकराचा मुलगा होता. तारघरात निरोप पोचवण्याचं काम करायचा. मध्येच नियम बदलला : उमेदवारी करणाऱ्या मुलांना पुस्तकं फुकट, बाकीच्यांना वर्गणी. या पोराने थेट वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि आपलं म्हणणं मान्य करून घेतलं.

तो अँड्र्यू कार्नेगी. पुढे पोलादाच्या धंद्यात त्यांनी अफाट पैसा कमावला आणि त्यातून जगभरात २,५०९ ग्रंथालयं बांधून दिली. अँडरसन यांचं हे स्मारकही त्यांनीच उभारलं.

वार्षिक अहवालात याला 'शिक्षणक्षेत्रातील योगदान' म्हणतील. पण हा माणूस आयुष्यभर एका शनिवारचं ऋण फेडत होता.

निदान अंशतः तरी. कारण दुसरी बाजूही आहे. १८९२ साली त्यांच्याच होमस्टेडच्या कारखान्यातला संप चिघळला, गोळीबार झाला, कामगार मेले. त्यांची ग्रंथालयं घ्यायला काही गावांनी चक्क नकार दिला. देणाऱ्याच्या मनात एकच हेतू कधी नसतो. ऋण असतं, अपराधाची टोचणी असते, मिरवण्याची हौस असते, खरीखुरी कळकळही असते. हे सगळं एकाच माणसात, एकाच धनादेशामागे.

(दृश्य : बैठकीची खोली. टेबलावर अहवालांची चळत.)

देणग्या मागणाऱ्या संस्थांच्या बैठकीत मात्र हा विषय दोन शब्दांत उरकतो : कर आणि नाव. 'त्यांना करसवलत हवी असते', 'त्यांना पाटी हवी असते'. संपलं.

कराचा हिशेब साधा आहे. शंभर दिले आणि करात तीस वाचले, तरी सत्तर गेलेच. नुसते पैसे राखायचे असतील तर न देणं केव्हाही स्वस्त. सवलतीमुळे देणगी केव्हा द्यायची, किती द्यायची, कुठल्या मार्गाने द्यायची हे बदलतं. द्यायचीच की नाही, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं.

नावाचं प्रकरण अधिक गमतीचं आहे.

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये एक प्रसिद्ध संगीत सभागृह आहे. ध्वनियंत्रांचे उत्पादक आणि स्वतः हौशी व्हायोलिनवादक असलेले एव्हरी फिशर यांनी १९७३ साली त्यासाठी १ कोटी ५ लाख डॉलर दिले. सभागृहाला त्यांचं नाव लागलं. चाळीस वर्षं गेली, नूतनीकरणासाठी पुन्हा पैसा हवा झाला. आता नवा मोठा देणगीदार आणायचा, तर त्याला द्यायला जागा हवी. मग संस्थेने फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर दिले, कशासाठी, तर नावावर पाणी सोडण्यासाठी! मूळ देणगीपेक्षा जास्त. २०१५ साली संगीत आणि चित्रपट व्यवसायातले धनाढ्य डेव्हिड गेफन यांनी दहा कोटी डॉलर जाहीर केले आणि पाटी बदलली.

म्हणजे नावाला किंमत आहे. पण यावरून 'सगळे नावासाठीच देतात' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. कारण आता चक फीनी भेटतील.

(दृश्य : मनगटावरचं साधं प्लास्टिकचं घड्याळ.)

विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या साखळीचे हे सहसंस्थापक. १९८२ साली त्यांनी देणग्या देण्यासाठी एक संस्था काढली आणि दोनच वर्षांनी धंद्यातला आपला जवळजवळ सगळा हिस्सा तिच्या नावे केला. गुपचूप. धनाढ्यांच्या याद्यांत त्यांचं नाव झळकत राहिलं, आणि तो पैसा केव्हाच त्यांचा राहिला नव्हता. देणग्या घेणाऱ्यांना अट एकच : पैसे कुठून आले हे बोलायचं नाही. बोललात तर देणगी बंद. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात, इथे घेणाऱ्या हातालाही नीट कळत नव्हतं. १९९७ साली कंपनी विकताना कागदपत्रं उघड होणार म्हणून ही गोष्ट बाहेर आली, नाही तर आणखी किती वर्षं झाकली राहिली असती कोण जाणे.

स्वस्तातलं घड्याळ, कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी, राहायला भाड्याचं घर. आठ अब्ज डॉलर वाटून झाल्यावर २०२० साली त्यांनी संस्था बंद केली. २०२३ मध्ये ते गेले.

सर्वांत मोठा वाटा कुणाला मिळाला? कॉर्नेल विद्यापीठाला, सुमारे एक अब्ज डॉलर. सैन्यातल्या नोकरीनंतर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून फीनी तिथे शिकले होते, आणि खर्च भागवायला विद्यार्थ्यांना सँडविच विकत होते. पुन्हा तीच गोष्ट. एकाला पाटी हवी, दुसऱ्याला पाटीची धास्ती. पण दोघांचाही पैसा वळला तो स्वतःच्या आयुष्यात जिथे काहीतरी घडलं त्या दिशेला. व्हायोलिन वाजवणारा सभागृहाला देतो, सँडविच विकून शिकलेला विद्यापीठाला.

(दृश्य : हातांचे जवळून टिपलेले क्षण. सही, पाकीट, हस्तांदोलन.)

अर्थशास्त्रज्ञांनाही हे कोडं बरीच वर्षं छळत होतं. माणसाला फक्त काम व्हावं एवढंच हवं असेल, तर सरकारने तेवढाच पैसा घातल्यावर त्याने तेवढाच हात आखडता घ्यायला हवा. काम तर झालं! पण प्रत्यक्षात तसं पूर्णपणे होत नाही. जेम्स आंद्रेओनी यांनी १९९० च्या सुमारास याचं उत्तर मांडलं : काम होण्याबरोबरच 'ते मी केलं' याची एक ऊब माणसाला हवी असते. यात स्वार्थ आहे का? आहे थोडा. बिघडलं कुठे?

आता एक प्रयोग, जो निधी जमवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. डीन कार्लन आणि डॅनियल वुड या संशोधकांनी एका संस्थेच्या जुन्या देणगीदारांना पाठवायच्या पत्रांचे दोन नमुने केले. एकात लाभार्थी बाईची मन हेलावणारी कहाणी. दुसऱ्यात कहाणी थोडी कमी, आणि या कामाचा उपयोग होतो असा शास्त्रीय पुरावा. निकाल? पूर्वी जास्त रक्कम दिलेल्यांनी पुरावा वाचून आणखी दिलं. कमी देणाऱ्यांनी मात्र पुरावा वाचून हात मागे घेतला! यातले 'जास्त देणारे' म्हणजे कुणी कोट्यधीश नव्हेत, त्यातल्या त्यात सढळ. तरी इशारा पुरेसा आहे. जी गोष्ट एकाच्या डोळ्यांत पाणी आणते, तिच्यावर दुसरा विचारतो : 'पुढे काय झालं ते दाखवा.'

(दृश्य : दोन खुर्च्या, मध्ये टेबल. लॅपटॉप बंद.)

मग देणगी मागायला भेटीला गेलेला माणूस काय करतो? बहुतेकदा लॅपटॉप उघडतो. चाळीस स्लाइड. स्थापना, ध्येय, उद्दिष्टं, लाभार्थी, छायाचित्रं, पुन्हा लाभार्थी. समोरचा सभ्यपणे मान डोलावतो. अर्ध्या तासाने 'कळवतो' म्हणतो, आणि कळवत नाही.

याउलट लॅपटॉप पिशवीतच ठेवणारेही असतात. ते विचारतात, 'तुम्ही आजवर दिलेल्यातलं कुठलं देणं तुम्हाला सर्वांत समाधान देऊन गेलं?' आणि गप्प बसतात. ही शांतता फार अवघड असते. मोडायचा मोह होतो. मोडू नये. कारण त्या शांततेनंतर आई येते, गावची शाळा येते, उपचारांअभावी गेलेला भाऊ येतो. कधी वेगळंच काही येतं : आधीच्या संस्थेने पैसे घेतल्यावर पुढच्या मागणीपर्यंत तोंड दाखवलं नाही, हा राग. तोही ऐकण्यासारखा असतो. पुढे काय करू नये हे त्यातच कळतं.

एवढं ऐकल्यावर मात्र आकडा स्पष्ट सांगावा. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या संस्था काही कमी नाहीत. 'तुम्हाला जमेल तसं' म्हणणं विनय वाटतो खरा, पण समोरच्यासारखा व्यवहारात मुरलेला माणूस त्यातून एवढंच समजतो की यांचा हिशेब तयार नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी शाळा, मोठाल्या खिडक्या.)

हे सगळं ज्यांना उत्तम साधलं ते बुकर टी. वॉशिंग्टन. गुलामीत जन्मलेले, अमेरिकेच्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीयांसाठी टस्कीगीची शिक्षणसंस्था उभारणारे. १९११ साली त्यांची भेट ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्याशी झाली. रोझेनवाल्ड म्हणजे सिअर्स-रोबक या अवाढव्य व्यापारी कंपनीचे प्रमुख, ज्यू स्थलांतरितांचे चिरंजीव. आपल्या समाजाने सोसलेला छळ आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेली वागणूक यांतलं साम्य ते बोलून दाखवत. ही नस वॉशिंग्टन यांना सापडली. त्यांनी रोझेनवाल्डना टस्कीगीला बोलावलं, सगळं हिंडून दाखवलं, विश्वस्त मंडळावर घेतलं.

१९१२ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातले थोडे उरले. अशा वेळी उरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात गुपचूप जिरते. वॉशिंग्टन यांनी विचारलं : यातून खेड्यातल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा छोट्या शाळा बांधून बघू का?

सहाच. देणगीदार धंदेवाईक होता, त्याला आधी नमुना पाहायचा होता. नमुना चोख निघाला, आणि १९३२ पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत अशा शाळांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली.

रोझेनवाल्ड पूर्ण खर्च कधीच देत नसत. सरकारनेही द्यायचा, गावानेही द्यायचा. कुणी लाकूड दिलं, कुणी राबलं, कुणी शेताचा एक तुकडा शाळेसाठी राखून त्यातला कापूस विकला. शेवटी हिशेब मांडला तेव्हा कृष्णवर्णीय समाजाने घातलेला पैसा रोझेनवाल्ड यांच्या वाट्यापेक्षा थोडा जास्तच भरला. मला वाटतं, त्यांना हेच विकत घ्यायचं होतं. शाळेपेक्षाही, आपण एकटे देत नाही आहोत ही खात्री.

आपल्या पश्चात पैसा कुजत राहू नये, ठरावीक वर्षांत तो खर्चून निधीच बंद करावा, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. १९४८ साली निधी बंद झालाही. शाळांना आपलं नाव द्यावं असा त्यांचा आग्रह नव्हता. लोक तरीही 'रोझेनवाल्ड शाळा' म्हणत राहिले. त्यांतल्या कित्येक शाळांच्या भिंतीवर, फळ्याच्या वर खिळा ठोकून, त्यांचं छायाचित्र लावलेलं असायचं.

(दृश्य : रिकामा वर्ग. भिंतीवर चौकटीची फिकट खूण.)