लक्ष्मी रस्ता, पायी

[दृश्य : डांबरी रस्ता, वरून. खडूच्या रेघा. एक लहान हात.]

ही ठिकरीची घरं आहेत. खडू डांबरावर नीट उमटत नाही, म्हणून ही मुलगी प्रत्येक रेघ दोनदा गिरवते आहे. शेवटच्या घराला तिनं गोल काढला, उठली, फरशीचा तुकडा टाकला आणि लंगडी घालत निघाली. ती जिथे खेळते आहे तो पुण्याचा लक्ष्मी रस्ता. तारीख ११ डिसेंबर.

२०२१ सालापासून पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा मधला पट्टा, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक, वाहनांना बंद असतो. दोन्ही टोकांना बॅरिकेड लागतात, रस्त्यावर खुर्च्या मांडल्या जातात, कुठे रांगोळी, कुठे पथनाट्य. पण आम्हाला सगळ्यात आधी जाणवला तो आवाज. हेडफोन लावले तर रस्त्याच्या मधोमध उभं राहून काठावरच्या दुकानातल्या बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. चपला ऐकू येत होत्या. एक माणूस दुसऱ्याला न ओरडता काहीतरी सांगत होता.

[दृश्य : तोच रस्ता, आठवडाभर आधी. संध्याकाळ.]

आणि हा रोजचा लक्ष्मी रस्ता.

या आजींकडे बघा. हातात दोन पिशव्या. पलीकडच्या दुकानात जायचंय. एक पाऊल पुढे, एक मागे. रिक्षा गेली, तिच्या मागून दोन स्कूटर, मग टेम्पो. रस्ता एकेरी आहे, तरी आजी दोन्हीकडे बघतात, कारण उलटी येणारी गाडी पुण्याच्या माणसाला नवीन नाही. शेवटी कॉलेजातली दोन मुलं ओलांडायला लागली, तशा आजी त्यांच्या आडोशानं निघाल्या. हे आम्ही ठरवून चित्रित केलं नाही. कॅमेरा लावून उभे होतो, त्यात हे सापडलं. त्या संध्याकाळी असे प्रसंग इतके सापडले की पुढे पुढे आम्ही कॅमेरा बंद केला.

[दृश्य : पदपथ, गुडघ्याच्या उंचीवरून. कॅमेरा चालतो.]

पदपथ आहे. नाही असं नाही. पण त्यावर चार पावलं टाकली की विजेचा डीपी. त्याच्या पुढे दुकानाबाहेर मांडलेले पुतळे, अंगावर कुर्ते आणि किमतीची चिठ्ठी. पुतळ्यांना टेकून लावलेली एक स्कूटर. इथे पदपथावरून खाली उतरावं लागतं, आणि खाली उतरलं की लावलेल्या दुचाकींची रांग. तिच्याही पलीकडून, म्हणजे थेट वाहत्या गाड्यांच्या बाजूनं, चालायचं. पादचाऱ्याला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी मिळावी, असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पुणे महापालिकेनं २०१६ साली स्वतःचं पादचारी धोरणही मंजूर केलं. कागदावर चालणाऱ्याचा मान पहिला आहे.

२०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला, आणि गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्या, अशा बातम्या आल्या. त्यातली प्रत्येक गाडी लक्ष्मी रस्त्यावर येत नाही. पण या पेठा आखल्या गेल्या तेव्हा इथून जायची माणसं, पालख्या, घोडे आणि बैलगाड्या. वाडे तेव्हाच्या रुंदीनं बसलेत. त्यांना सरकवायचं कुठे?

[दृश्य : पहाट. मंडईचा मनोरा. पाट्या, पोती, मेथीच्या जुड्या.]

शहराचा मध्य बदलायचा म्हटलं की पुण्यात वाद होतो. तो आजचा नाही. त्यासाठी इथे यावं लागतं, मंडईत.

पहाटे मंडईला बल्बचा पिवळा उजेड असतो. दगडी खांबांच्या मधून हमाल पोती घेऊन येतात. गाळ्यावरची मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडते आणि त्या देठांकडून आत, पाल्याकडून बाहेर अशा रचत जाते. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यापासून चहूकडे फुटलेल्या बाजू. पूर्वी शहराचा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा, उन्हात, पावसात. नगरपालिकेनं ठरवलं की बाजाराला पक्की इमारत हवी. १८८६ साली ही इमारत खुली झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं, रे मार्केट. वरच्या मजल्यावर पुढे नगरपालिकेची कचेरीच होती. खाली भाजी, वर शहराचा कारभार.

पण या इमारतीला विरोध झाला होता, आणि तो साध्या माणसाचा नव्हता. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बाजाराच्या इमारतीवर लाखो रुपये घालण्यापेक्षा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, ही त्यांची भूमिका.  इमारत झालीच. पुढे अर्धशतक उलटल्यावर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं.

[दृश्य : मनोऱ्यावरून खाली येणारा कॅमेरा. नावाची पाटी.]

ही पाटी वाचताना मला नेहमी वाटतं की फुल्यांचा प्रश्न इमारतीपेक्षा मोठा होता. शहराचा पैसा कुणासाठी? आज तोच प्रश्न रस्त्याबद्दल विचारायचा आहे. शहराच्या मधली ही जागा, जिच्या एकेका फुटाला सोन्याचा भाव आहे, ती उभ्या गाडीला द्यायची की चालत्या माणसाला?

मंडईला लागूनच आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहं होती. आर्यन तर मूकपटांच्या काळातलं. ती गेली, आणि त्या जागांवर महापालिकेची बहुमजली वाहनतळं आली. जुने पुणेकर आजही 'मिनर्व्हाला गाडी लावली' असंच म्हणतात. म्हणजे गाड्यांसाठी शहरानं जागा दिली नाही, असं नाही. पडदे उतरवून दिली. तरीही लक्ष्मी रस्त्याच्या कडेची रांग कमी झाली नाही, कारण वाहनतळापासून दुकानापर्यंत चालायची आपली तयारी नाही, आणि चालावं असा रस्ताही नाही.

[दृश्य : अनंत चतुर्दशी. ढोल. गुलाल. लक्ष्मी रस्ता माणसांनी भरलेला.]

वर्षात एक दिवस मात्र हा रस्ता पूर्णपणे पायी चालणाऱ्याचा असतो, आणि तो दिवस कुठल्याही धोरणानं दिलेला नाही. अनंत चतुर्दशीला मंडईतल्या लोकमान्यांच्या पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक निघते. हा पुतळा १९२४ सालचा, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसलेला. पुढे मानाचे पाच गणपती : कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. बेलबाग चौकातून वळून मिरवणूक लक्ष्मी रस्त्याला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जाते. चोवीस तासांहून जास्त काळ या रस्त्यावर गाडी फिरकत नाही. लाखो माणसं येतात, तीही गाड्या लांब लावून, तासतास चालत. आपल्याकडे लोक चालणार नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दृश्यं बघावीत.

[दृश्य : महापालिकेचा नकाशा टेबलावर. बोटं. नंतर दुकानांच्या पाट्या.]

लक्ष्मी रस्ता कायमचा पायी चालणाऱ्यांसाठी करावा, 'ओपन स्ट्रीट मॉल' करावा, असे प्रस्ताव गेली काही वर्षं चर्चेत आहेत. पादचारी दिनाला रंगीत तालीम होते, बोलणी होतात, आणि १२ डिसेंबरला रस्ता पुन्हा होता तसा होतो. यात अडतं कुठे, हे समजून घ्यायला आम्ही दुकानांच्या पायऱ्या चढलो.

व्यापाऱ्यांचं म्हणणं आहे ते खोटं नाही. लक्ष्मी रस्ता म्हणजे लग्नाचा बस्ता. बस्त्याला घरातली दहा-पंधरा माणसं येतात, त्यात आजी-आजोबा, काकू, मामी. सकाळी बसलेली माणसं दुपारी उठतात आणि उठताना हातात शालू, पैठण्या, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपीचे गठ्ठे. हे सगळं घेऊन त्यांनी चालायचं कुठवर? त्यांना गाडी दारात हवी. दारात गाडी येत नसेल तर ते उपनगरातल्या मोठ्या दुकानात जातील, तिथे तळघरात वाहनतळ आहे. ही भीती रास्त आहे, आणि तिला उत्तरही आहे. चौकाच्या तोंडाशी गठ्ठे पोचवणारी हातगाडी, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी, वाहनतळापर्यंत. पण ते उत्तर आधी रस्त्यावर उभं करावं लागेल, मग बॅरिकेड. आजवर नेहमी बॅरिकेड आधी आलं.

[दृश्य : सकाळी लवकर. टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरताना.]

माल कसा येणार, हा दुसरा प्रश्न. तो मला सगळ्यात सोपा वाटतो. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ साली नव्या रूपात खुला झाला. तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी, माल त्याच्या आधी किंवा नंतर. पुढे तिथेही दुचाक्या घुसू लागल्या, कारण नियम लिहिणं एक आणि रोज पाळून घेणं दुसरं. पण वेळ वाटून घेता येते, हे तिथे दिसलं. आणि तुम्ही आत्ता पाहताय, लक्ष्मी रस्त्यावरही बराचसा माल गिऱ्हाईक यायच्या आतच उतरतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनचा मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, १९६२ साली गाड्यांना बंद करून पाहिला तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही जोरात विरोध केला होता. दोन वर्षांनी तो कायमचा पायी झाला. आता तिथे उलट मागणी कुणी करत नाही.

[दृश्य : तुळशीबागेचा बोळ. पथाऱ्या, कानातली, पिना, स्टीलचे डबे.]

चालण्याचा बाजार कसा असतो ते बघायला कोपनहेगनला जायची गरजही नाही. तुळशीबाग आहे. राममंदिराभोवतीचा हा बाजार. भातुकलीची पितळी भांडी, देवाची वस्त्रं, पोलक्याचे हुक, गृहिणीला लागणारं सगळं. इथे गाडी येऊच शकत नाही, आणि तरी पाय ठेवायला जागा नसते. ही बाई कानातलं कानाशी धरून बघते आहे. विक्रेतीनं न बोलता आरसा पुढे केला. थांबणं, हातात घेणं, भाव करणं, हे सगळं पायी माणूसच करतो. लक्ष्मी रस्त्यापासून हे काही पावलांवर आहे.

म्हणूनच मला एक गोष्ट खटकते. रस्ता पायी करायच्या आराखड्यांत झाडं असतात, बाकं असतात, दगडी फरशी असते. पथारीवाला नसतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत, त्यातही एक तृतीयांश स्त्रिया. आराखडा काढताना त्यांना टेबलाशी बसवा. या रस्त्यावर चालणाऱ्याला ज्यानं थांबायला शिकवलं, त्यालाच उचलून रस्ता सुंदर करणं हे मला मान्य नाही.

[दृश्य : वाड्याचा दरवाजा. आत अंगण, तुळस, सायकल.]

राहती माणसंही आहेत. वाड्यात कुणी आजारी पडलं तर रुग्णवाहिका यावी, आग लागली तर बंब यावा, यासाठी मधली वाट मोकळी राहिली पाहिजे. गाड्या लक्ष्मी रस्त्यावरून हटल्या की शेजारच्या बोळात शिरतील, आणि रस्ता देखणा झाला की भाडी वाढून जुन्या भाडेकरूंवर ताण येईल, हेही खरं.

[दृश्य : मंडई मेट्रो स्थानक. सरकता जिना. वर येणारी माणसं.]

सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मेट्रो मंडईच्या पोटात आली. व्यापारी, रहिवासी, महापालिका, सगळ्यांच्या बोलण्यात आजवर एक वाक्य असायचं, की माणसं गाडीशिवाय येणार कशी? आता ती अशी येतात. पिंपरीहून मेट्रोत बसायचं, नदीखालून जायचं आणि मंडईत वर यायचं.

या कुटुंबाच्या मागे आम्ही स्थानकापासून चालत गेलो. आई, वडील, कडेवर एक, हाताला एक. जिना चढून वर आले, मनोऱ्याकडे बघून धाकट्यानं बोट दाखवलं. मंडईतून तुळशीबागेत शिरले. तिथे आईनं पिना घेतल्या, थोरलीनं डब्यांच्या उतरंडीला हात लावून पाहिला. कुणाला घाई नव्हती. मग तुळशीबागेच्या तोंडाशी आले, समोर लक्ष्मी रस्ता. वडिलांनी धाकट्याला घट्ट धरलं, आईनं थोरलीचं मनगट पकडलं.

[दृश्य : पाठमोरं कुटुंब, रस्त्याच्या कडेला. समोरून गाड्या. दृश्य न तोडता चालू ठेवावं.]

दुकान समोर आहे. पाटी इथून वाचता येते. एक रिक्षा गेली. दोन स्कूटर. टेम्पो. ते अजून उभे आहेत.