बदाम सात : पान असेल तर लावायचं

[सतरंजीवर कॅट. एक हात पानं मोजतोय.]

आधी पानं मोजायची. ५२ हवीत, जोकर बाजूला. मेंढीकोटात एखादी दुर्री हरवली तर कसंबसं निभावतं. इथे नाही. बदामाची छक्की नसेल, तर पंजी, चव्वी, तिर्री, दुर्री आणि एक्का या पाच पानांना वाटच उरत नाही. ती ज्यांच्या हातात, त्यांची सुटका नाही. अशा वेळी जोकर घ्यायचा आणि पेनाने त्याच्यावर ‘बदाम ६’ लिहायचं.

[पानं वाटली जातायत.]

सगळी पानं वाटायची. चौघांना १३-१३. पाच जण असतील तर दोघांना ११ आणि तिघांना १० येतात. एखादं पान जास्त आलं म्हणून कुरकुर नको, पुढच्या डावात वाटणारा बदलतो.

[बदाम सत्ती सतरंजीच्या मधोमध पडते.]

ज्याच्याकडे बदाम सत्ती, त्याने उतरायचं. तिच्या एका बाजूला छक्की, दुसऱ्या बाजूला अठ्ठी. छक्कीवरून खाली एक्क्यापर्यंत सहा पानं, अठ्ठीवरून वर राजापर्यंत सहा. सत्ती बरोबर मध्यावर आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून. इस्पिक, किलवर, चौकट यांच्या रांगाही आपापल्या सत्तीनेच उघडतात. हा हात बघा, एक्का राजाच्या वर ठेवायला निघालाय. नव्याने शिकणारे इथे हमखास चुकतात. एक्क्याची जागा दुर्रीच्या खाली.

[एक खेळाडू पानांवरून नजर फिरवतो. ‘पास.’]

आता खरा नियम. लागणारं पान हातात असेल, तर ते लावायलाच हवं. पास फक्त नाइलाजाने. काही घरांत मुद्दाम पास म्हणायची मुभा असते आणि तिथेच खेळ बिघडतो: चौघेही सत्त्या दाबून बसतात, पास-पास-पास, डाव जागचा हलत नाही. सक्ती असेल तर तो अडूच शकत नाही. प्रत्येक रांगेचं पुढचं पान कोणाच्या तरी हातात असतंच, म्हणजे एका फेरीत निदान एक पान पडणारच. मुलांना शिकवतानासुद्धा ही सक्ती पहिल्या डावापासून ठेवा. खोटा पास लपत नाही: दोन फेऱ्यांपूर्वी लागत असलेली किलवरची अठ्ठी आत्ता बाहेर आली की सगळ्यांच्या लक्षात येतं.

[जवळून : तीन पानं. इस्पिक अठ्ठी, बदाम राणी, बदाम राजा.]

मग अडवायचं कसं? हा हात बघा. इस्पिकची सत्ती पडलेली आहे, बदामाची रांग गुलामापर्यंत आली आहे. अठ्ठीही लागते, राणीही लागते. आधी राणी. तिच्यामागचा राजा आपल्याचकडे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला वाट मिळत नाही. पुढच्या पाळीला राजा. या दोन पाळ्यांत इस्पिकची नव्वी ते राजा ही पाच पानं ज्यांच्याकडे आहेत, ते ताटकळतात. अठ्ठी तिसऱ्या पाळीला.

म्हणून राजे, एक्के आणि सलग पानं जपून वापरायची, तेवढ्या पाळ्या आपल्या गाठीला असतात. पण तोच इस्पिकचा राजा आपल्या हातात असता, तर अठ्ठी पहिल्याच पाळीला टाकायची. नव्वी, दश्शी, गुलाम, राणी ही चार पानं दुसऱ्यांनी लावल्याशिवाय तो राजा जाणार नाही.

[एका खेळाडूचे हात रिकामे. बाकीचे पानं उघडी टाकतात.]

ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. बाकीच्यांचे गुण मोजायचे, एक्क्याचा १, राजाचे १३, कमी गुण चांगले.

[चारही रांगा, वरून.]

डाव संपला की पानं अशी रंगवार, क्रमाने लागलेली असतात. ती गोळा करून हातातल्या हातात दोनदा पिसली, तर गठ्ठेच्या गठ्ठे तसेच राहतात आणि पुढच्या डावात एकाच रंगाची भरताड एकेकाकडे जाते. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसली, तरी नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. ते जमत नसेल तर हे करा.

[दोन्ही तळवे पालथी पानं सतरंजीवर पसरून कालवतायत. मग काटलेला कॅट, पुन्हा वाटप.]